'केनेडी' : शिरस्त्राण की कुरूप डोके?

तळटीप: एका लेखाच्या भाषांतरात 'केनेडी' या आयरिश आडनावाचा अर्थ मी 'शिरस्त्राणधारी' असा दिला होता. संपादकांनी तो खोडून 'कुरूप डोक्याचा' असे लिहिले. ग्राह्य कोणता?

जुनी वही: दोन्ही अर्थ छापील सापडतात. मूळ रूप 'ओ किनेदे', म्हणजे किनेदेचा वंशज. 'केन' म्हणजे डोके. पुढे 'एदे' (पोशाख, चिलखत) मानले तर शिरस्त्राण, 'एतिग' (कुरूप) मानले तर संपादक बरोबर. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत मारल्या गेलेल्या ब्रायन बोरू राजाच्या वडिलांचे नाव जुन्या लिखाणात 'केनेतिग' असे येते. त्यातला शेवटचा 'ग' पाहता मी संपादकांच्या बाजूने आहे. घराण्याच्या ढालचिन्हावर तीन शिरस्त्राणे आहेत खरी, पण ती मला मागाहूनची सारवासारव वाटते.

सरळरेघ: राजाच्या बापाचे नाव कोणी 'कुरूप' ठेवील, हे पटत नाही.

जुनी वही: मग आपल्याकडे नवसाच्या मुलाला धोंडू, दगडू, केरबा ही नावे काय त्याच्या रूपावरून ठेवत? सलिव्हनचेही तसेच आहे. 'सूल' म्हणजे डोळा एवढे नक्की, पुढे 'काळ्या डोळ्यांचा' की 'एकाक्ष' हा वाद आहेच.

शुद्धमती: अर्थाआधी रूप सुधारा. 'केनेडी' हे इंग्रजी वळण झाले; मराठीत 'ओ किनेदे' असेच लिहावे. शिवाय हा 'ओ' पुरुषांपुरता आहे. मुलीच्या आडनावाआधी 'नी' आणि पत्नीच्या आडनावाआधी 'उई' लागते, हे भाषांतरकारांनी पाळलेच पाहिजे.

सरळरेघ: ज्यांचे पणजोबा वेक्सफर्ड परगण्यातल्या डंगनस्टाउनहून अमेरिकेला गेले, ते राष्ट्राध्यक्ष स्वतः 'केनेडी' लिहीत. त्यांना आपण कोण सुधारणार? मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी वडिलांकडून नाते सांगणारे लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, आणि तिकडे त्यांचा उच्चार 'वरॅडकर' असा होतो. त्यावर कोणी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही.

शुद्धमती: मी घेते. मराठी वृत्तपत्रांनी तरी 'वराडकर'च छापले, आणि तोच न्याय किनेदेंना लावायला हवा.

तळटीप: तळटीप मंगळवारी छपाईला जाते आहे. त्यात नेमके काय लिहू?

शुद्धमती: आधी 'ओ' जोडून लिहिणार की सुटा, ते सांगा.