लग्नानंतर नॉन-क्रिमीलेअर: उत्पन्न बाबांचं दाखवायचं की नवऱ्याचं?

नमस्कार मंडळी. माहेर बार्शी, सासर नाशिक. जात माळी, राज्याच्या आणि केंद्राच्या दोन्ही ओबीसी याद्यांत आहे. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणी) लग्नाआधीच काढलेली, त्यामुळे ती कटकट नाही. अडलंय ते नॉन-क्रिमीलेअरवर, म्हणजे ओबीसीतल्या पुढारलेल्या (क्रिमीलेअर) घरातली नसल्याच्या दाखल्यावर.

इथल्या सेतूत कागद घेऊन गेले. फाईल उघडायच्या आधीच खिडकीवरच्या भाऊंनी विचारलं, "मिस्टर काय करतात?" नवरा वर्ग १ अधिकारी आहे म्हटल्यावर फाईल तशीच परत सरकवली. "मग मॅडम, तुम्ही क्रिमीलेअर. पुढचा कोण?"

बाबा पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक, वर्ग ३. आई घरी असते. थोडी सीताफळाची बाग आहे. पण सातव्या वेतन आयोगानंतर बाबांच्या फॉर्म १६ वर (पगार आणि कापलेल्या कराचं पत्रक) आकडा ८ लाखांच्या मर्यादेच्या वर दिसतो, म्हणजे माहेरकडूनही दार बंदच की काय, अशी भीती वाटतेय. सासूबाईंचं म्हणणं, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकांचा दाखला) काढून टाक, सोपं पडतं.

वय ३१. एक राज्याची भरती आहे आणि एक केंद्राची. केंद्राच्या पदाला खुल्यासाठी मर्यादा ३०, ओबीसीला ३३, त्यामुळे तिथे दाखल्याशिवाय फॉर्मच भरता येणार नाही. दाखले माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. मुदत जवळ आलीय. कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १
ताई, खिडकीवरच्या माणसाचं ऐकून परत फिरू नका. क्रिमीलेअर बघतात ते आईवडिलांवरून. नवऱ्याचं पद, त्याचा पगार किंवा तुमचा स्वतःचा पगार, यातलं काहीही धरत नाहीत. केंद्राच्या कार्मिक विभागाच्या ८ सप्टेंबर १९९३ च्या परिपत्रकापासून हेच चालत आलंय. जातही लग्नाने बदलत नाही. १९९६ च्या वल्सम्मा पॉल खटल्यात तर खुल्या प्रवर्गातल्या बाईने मागास प्रवर्गात लग्न केलं म्हणून आरक्षण मागितलं होतं, सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. जे लग्नाने मिळत नाही ते लग्नाने जाईल कसं?

आता बाबांचं. आईवडिलांपैकी एक जण थेट भरतीने वर्ग १ किंवा दोघंही थेट भरतीने वर्ग २ असते तर तुम्ही पदावरूनच बाहेर. वर्ग ३ म्हणजे ती अडचण नाही. राहिला उत्पन्नाचा निकष. त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत, बाकीचं म्हणजे भाडं, धंदा, व्याज वगैरे मोजतात, आणि तेही सलग तीन वर्षं ८ लाखांच्या वर असेल तरच. तुमच्या बाबांच्या बाबतीत ते शून्याच्या आसपास असणार. फॉर्म १६ बघून घाबरणारे निम्मे लोक विनाकारण खुल्यातून फॉर्म भरतात, याचा मला खरंच राग येतो.

ईडब्ल्यूएस विसरा. जात ओबीसीत असेल तर ते मिळत नाही.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. दाखला नाशिकला नको, बार्शीकडूनच काढा. बाबांचं पगारपत्रक, वर्ग ३ असल्याचं कार्यालयाचं पत्र, सातबारा, सगळं तिथेच मिळेल. केंद्रासाठी नमुना वेगळा असतो, राज्याचा दाखला तिकडे चालत नाही. दोन्ही एकदमच मागा. नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला जोडा, राजपत्रात नाव बदललं असेल तर तेही.

आणि तारखेकडे बघा. साधारणपणे अर्जाच्या शेवटच्या दिवशीची स्थिती धरतात. २०२३ मध्ये दिव्या विरुद्ध भारत सरकार या खटल्यात यूपीएससीच्या उमेदवारांचे दाखले मुदतीनंतरचे होते म्हणून ईडब्ल्यूएसचा लाभ गेला, सुप्रीम कोर्टानेही दाद दिली नाही. दाखल्यासाठी अर्ज केल्याची पावती जोडून भागेल असं धरून चालू नका.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार! बाबांना फोन केला, ते उद्याच ऑफिसातून पत्र आणतायत. एकच राहिलं. केंद्रात वयाची सवलत घेतली आणि मार्क खुल्याच्या कटऑफच्या वर आले, तर खुल्यातून निवड होते का?

प्रतिसाद १
केंद्रात नाही. वयाची सवलत घेतलेला उमेदवार राखीव जागेवरच मोजतात. १ जुलै १९९८ चं परिपत्रक आहे, आणि २०१७ मध्ये दीपा ई. व्ही. खटल्यात ते सुप्रीम कोर्टाने उचलून धरलं. तुम्हाला फॉर्मच सवलतीवर भरायचाय, तेव्हा तिथे ओबीसीचाच कटऑफ बघा.

राज्यात तसं नाही. तिथे खुल्याची मर्यादा ३८, तुम्हाला सवलत लागतच नाही. मार्क असतील तर खुल्या महिलांच्या जागेवरही हक्क आहे, आणि त्या जागेसाठी नॉन-क्रिमीलेअरची अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने काढून टाकलीय. ओबीसी महिलांच्या जागेसाठी मात्र लागतं.

प्रतिसाद ३
धाग्यात घुसतोय, माफ करा. बायको कलबुर्गीची, तिकडे ओबीसी. लग्न होऊन सोलापूरला आलीय. तिला इथे ओबीसीचं आरक्षण मिळेल का?

प्रतिसाद २
दादा, महाराष्ट्राच्या भरतीत नाही, खुल्यातूनच भरावं लागेल. इथल्या दाखल्यासाठी वडिलांकडचं कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ ला महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. केंद्राच्या नोकरीला मात्र कर्नाटकचा दाखला चालतो, जात केंद्राच्या कर्नाटक यादीत आहे का तेवढं बघून घ्या.