मदत हवी आहे: वेग वाढला की स्टिअरिंग आवरत नाही, बॉक्स बदलावा का?

कपाशीवाला:
नमस्कार. आमच्या जुन्या फोर बाय फोर गाडीचा वेग पन्नासच्या आसपास गेला की स्टिअरिंग असे थरथरू लागते की दोन्ही हातांनी धरूनही ते आवरत नाही. चारही रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांचे सांधे) नवे टाकून झाले, अलाइनमेंट करून झाले, आणि आता आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की स्टिअरिंग बॉक्सच (स्टिअरिंगची गिअरची पेटी) गेला असल्यामुळे तो बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. एका भंगारवाल्याकडे जुना बॉक्स आहे आणि तो दुसऱ्या गिऱ्हाईकाला देऊन टाकण्याची घाई करतो आहे. सीतादही (वेचणीआधीची पूजा) होऊन कापसाची वेचणी सुरू झाली आहे, बायांना शेतात पोहोचवणे आणि संध्याकाळी गावात आणणे हे काम रोजचे आहे. त्यामुळे लांबलचक चर्चेपेक्षा बॉक्स घ्यावा की घेऊ नये, एवढेच कृपया सांगावे.

विलीजप्रेमी:
बॉक्स मुळीच घेऊ नका. पुढच्या क्रॉस मेंबरवर जो बेल क्रँक (स्टिअरिंगची ओढ चाकांकडे वळवणारा तुकडा) असतो, त्याची पिन आणि बुश झिजले की नेमके हेच लक्षण दिसते. माझ्या सीजे थ्रीबी जीपमध्ये पिन व बुश नवे बसवले, ग्रीस भरले, आणि गाडी सरळ चालू लागली. जुन्या जीपच्या बाबतीत लोक उगाच महागड्या भागांच्या मागे लागतात.

कपाशीवाला:
गाडी महिंद्राची जीप नाही, मारुतीची जिप्सी आहे. तिला बेल क्रँक नसतो. बॉक्सविषयी कोणी सांगू शकेल का?

ग्रीसगन:
भाऊ, बॉक्सविषयी सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळल्या पाहिजेत, नाहीतर आम्ही सगळे अंधारात दगड मारत बसू. जिप्सी कोणती आहे? आधीची अरुंद ट्रॅकची (डाव्या-उजव्या चाकांत अंतर कमी असलेली) आणि नंतरची रुंद ट्रॅकची, यांचे पुढचे एक्सल आणि टाय रॉड (पुढची दोन चाके जोडणारा दांडा) एका लांबीचे नसतात. टायर कंपनीच्या मापाचे आहेत की मोठे टाकले आहेत? गाडी उंच केलेली आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही थरथर सुरू कशी होते आणि थांबते कशी? वेग ठरावीक आकड्यावर आला की हळूहळू सुरू होऊन तो आकडा ओलांडल्यावर कमी होते, की एखादा खड्डा किंवा पुलाचा सांधा लागताच एकदम उसळते आणि गाडी जवळजवळ उभी केल्याशिवाय थांबत नाही? पहिल्या प्रकारात बहुधा चाकांचा तोल बिघडलेला असतो. दुसऱ्या प्रकाराला मिस्त्री लोक वॉबलिंग म्हणतात आणि त्याचे मूळ एक्सलच्या टोकाला कुठेतरी ढिलाईत असते. बॉक्समधला प्ले (ढिलेपणा) एकट्याने असे वॉबलिंग क्वचितच निर्माण करतो. बॉक्स ढिला असला तर गाडी रस्त्यावर भरकटते आणि तुम्हाला सारखे डावे-उजवे करून ती सांभाळावी लागते.

जंगलवाट:
मी ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळ राहतो आणि सफारीच्या जिप्सी रोज पाहतो. या गाडीवरचा खात्रीचा उपाय म्हणजे नवा स्टिअरिंग डॅम्पर. तो टाकला की काम झाले, आणि अर्ध्या तासात बसतो. एवढ्या प्रश्नांची आवश्यकताच नाही.

ग्रीसगन:
जंगलवाट, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण सफारीची गाडी जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर ज्या वेगाने फिरते, त्या वेगाला हे वॉबलिंग उद्भवतच नाही. डॅम्परचे काम चाकाला बसलेला झटका हातापर्यंत पोहोचू न देणे हे आहे. ढिला भाग तसाच ठेवून डॅम्पर बदलला तर काही महिने बरे वाटते, ढिलाई मात्र आत वाढत राहते, आणि डॅम्पर थकला की पूर्वीपेक्षा जोरात उसळते.

जंगलवाट:
आमच्याकडच्या गाड्या सफारी संपल्यावर डांबरी रस्त्याने चंद्रपूरलाही जातात, त्यामुळे त्या हळू चालतात हे म्हणणे बरोबर नाही. डॅम्परमधले तेल गळून गेलेले असेल तर तो बदलायलाच हवा, एवढे तरी आपण मान्य कराल.

ग्रीसगन:
तेवढे मान्य आहे. एक टोक सोडून डॅम्पर हाताने दाबून-ओढून पाहावा. दोन्ही बाजूंना सारखा अडत नसेल तर तो निकामी झाला आहे. पण ते सर्वांत शेवटी.

कपाशीवाला:
गाडी किंग आहे, म्हणजे नंतरची रुंद ट्रॅकची, लष्कराच्या लिलावातून कोणीतरी घेतलेली, त्याच्याकडून मी घेतली. टायर चांगले आहेत, नवेच आहेत. परवा आर्वीहून तळेगावकडे जाताना पुलावर चढलो आणि पुढची दोन्ही चाके नाचू लागली, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. ब्रेक मारून गाडी पार बाजूला घ्यावी लागली, तेव्हा थांबले. बॉक्सवाल्याला उद्या उत्तर द्यायचे आहे.

सरळमार्गी:
माझा स्पष्ट सल्ला असा की ही गाडी विकून बोलेरो घ्यावी. जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबलेले आहे. शिवाय १५ वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, आणि त्या वेळच्या फिटनेस तपासणीत स्टिअरिंगचा प्ले पाहतातच. आपल्या गाडीच्या नोंदणीची मुदत शिल्लक आहे का, हे आधी बघा.

कपाशीवाला:
नोंदणी वैध आहे. गाडी विकायची नाही. आमच्या पांदणीत पावसाळ्यात बोलेरो अर्ध्यातच बसते.

विलीजप्रेमी:
पांदणीतून गाडी जाते म्हणता, तर एक साधी गोष्ट तपासली का? आपल्याकडची काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी घट्ट बसते. एका चाकात एका बाजूला अर्धा किलो माती राहिली तरी वेगात स्टिअरिंग हलते. चाके काढून आतून खरवडून धुऊन पाहावे. या उपायाला खर्च नाही.

ग्रीसगन:
ही सूचना फार योग्य आहे आणि सर्वांत आधी हेच करावे. पण पुलाच्या सांध्यावर सुरू होऊन थांबतानाच संपणारे नाचणे केवळ मातीने होणार नाही, म्हणून चाके धुऊन झाल्यावर पुढची तपासणी करावीच. कपाशीवाला, बॉक्सवाल्याला सध्या नको म्हणून सांगा.

पहिली तपासणी गाडी जमिनीवर उभी असताना करायची आहे. घरातल्या कोणाला तरी स्टिअरिंग थोडेथोडे डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगा आणि आपण खाली झोपून प्रत्येक सांधा पाहा. बॉक्सचा आर्म हलतो पण ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) उशिरा हलते का, बॉक्सचे बोल्ट ज्या ठिकाणी चेसिसला बसतात तिथे पत्र्याला तडा जाऊन बॉक्सच हलतो का, रॉड एंड नवे असले तरी त्यांचे कॅसल नट पुरते आवळून स्प्लिट पिन घातली आहे का, हे डोळ्यांना दिसते आणि बोट ठेवले तर बोटाला कळते.

दुसरी तपासणी पुढचे चाक जॅकवर उचलून, एक्सलखाली लाकडी ठोकळा देऊन करायची. केवळ जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगमध्ये आहे. ब्रेक दाबूनही प्ले तसाच राहिला तर किंगपिनचे (ज्या खुंटीवर चाक डावे-उजवे वळते तिचे) बेअरिंग गेले आहेत. माझा संशय तिथेच आहे, कारण जिप्सीच्या नकलमध्ये (एक्सलच्या टोकाच्या वळत्या सांध्यात) वर आणि खाली लहान टेपर बेअरिंग असतात, आणि नाल्यातून व चिखलातून फिरणाऱ्या गाडीत खालच्या बेअरिंगमध्ये पाणी जाऊन ते गंजतात. रॉड एंड बदलून हा दोष जाण्याचा प्रश्नच येत नाही. आणि टायरचे माप आपण अजून सांगितलेले नाही.

कपाशीवाला:
टायर २३५/७५ आर १५ आहेत. मागच्या मालकाने लांब शॅकल (पाट्यांच्या टोकाची जोडपट्टी) टाकून गाडी थोडी उंच केलेली आहे, त्यामुळे ते टायर घासत नाहीत. त्याचा या प्रश्नाशी संबंध असेल असे वाटले नव्हते.

ग्रीसगन:
संबंध थेट आहे. जिप्सीला मुळात २०५/७० आर १५ हे माप असते. आपले टायर जड आहेत आणि ते नाचू लागले की जुन्या सांध्यांवर त्यांचा जोर कितीतरी जास्त येतो. शिवाय पुढचे शॅकल लांब केले की एक्सल फिरतो आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. चाक आपोआप सरळ होण्याची ओढ कॅस्टरमुळेच असते, ती कमी झाली की गाडी वॉबलिंगला केव्हाही तयार. सामान्य अलाइनमेंटमध्ये फक्त टो-इन (चाके पुढून किती आत वळलेली आहेत ते) जुळवतात. या एक्सलवर कॅस्टर जुळवायला बोल्टच नसल्यामुळे तिकडे कोणी पाहत नाही.

सोपाउपाय:
यापेक्षा दुसऱ्या एखाद्या गाडीचे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवून घ्यावे. माझ्या पाहण्यात एकाने बसवले आहे. स्टिअरिंग अगदी हलके होते, बायकांनाही चालवता येते.

शेतकरीण_वरूड:
मी संत्र्याच्या बागेत गेली कित्येक वर्षे साधे स्टिअरिंग असलेलीच गाडी चालवते आहे, त्यामुळे बायकांची काळजी करू नये. धागाकर्त्यांनी स्टिअरिंग जड आहे अशी तक्रार कुठेही केलेली नाही. ढिल्या सांध्यांवर मोटर बसवल्याने सांधे घट्ट होणार नाहीत.

कपाशीवाला:
रिमच्या आत बरीच माती निघाली. चाक उचलून पाहिले, उजवीकडे वर-खाली स्पष्ट प्ले आहे आणि ब्रेक दाबूनही तो जात नाही. डावीकडे तसे काही नाही. नकलच्या मागच्या बाजूने काळे पातळ ग्रीसही ओघळते आहे. मिस्त्री अजूनही म्हणतात की बॉक्सवरचा स्क्रू आवळून पाहू.

ग्रीसगन:
तो स्क्रू आवळू देऊ नका. बॉक्सची रचना अशी असते की चाके सरळ असताना प्ले सर्वांत कमी असतो. दुसरीकडे कुठे तरी असलेली ढिलाई या स्क्रूने काढायला गेले की बॉक्स मधोमध अडकू लागतो, वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही आणि आतले गिअर झिजतात. बॉक्समध्ये ९० नंबरचे तेल पातळीपर्यंत आहे एवढे मात्र पाहून घ्यावे.

पातळ काळे ग्रीस ओघळते याचा अर्थ बहुधा एक्सलचे आतले ऑइल सील गेले आहे आणि डिफरन्शियलचे तेल नकलमध्ये येऊन ग्रीस विरघळवते आहे. त्यामुळे नकल उघडलाच आहे तर ते सील आणि बाहेरचे नकल सील दोन्ही नवे टाकावेत. किंगपिनचे बेअरिंग दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, वाटीसह (रोलर जिच्यात फिरतात ती बाहेरची कडी) बदलावेत. जुन्या वाटीत नवे बेअरिंग बसवून वेळ मारून नेणारे मिस्त्री बरेच असतात. वाटीत रोलरच्या खुणा खोल उमटलेल्या असतील तर आपल्याला कारण डोळ्यांनीच दिसेल.

किंगपिनखाली पातळ शिम (चकत्या) असतात. काढताना कोणती शिम कोणत्या पिनची, हे चिठ्ठी बांधून ठेवावे. बसवल्यावर सील लावण्यापूर्वी आणि टाय रॉड सुटा असताना नकलच्या आर्मच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढून पाहावे. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे नकल साधारण १ ते १.८ किलोच्या ओढीला हलू लागला पाहिजे. त्याहून सहज हलत असेल तर शिम कमी करावी, जड असेल तर वाढवावी. भाजीवाल्यांकडे असतो तो टांगता काटा या कामाला चालतो, आधी एक किलोची पिशवी टांगून तो बरोबर दाखवतो का, तेवढे पाहावे.

जंगलवाट:
हे काट्याचे गणित आमच्याकडे कोणी करत नाही, हाताच्या अंदाजानेच बसवतात आणि गाड्या चालतात.

ग्रीसगन:
चालतात, आणि म्हणून त्यांना दर हंगामात नवा डॅम्पर लागतो.

शेतकरीण_वरूड:
दोघांनीही आता धागाकर्त्यांना काम करू द्यावे, ही विनंती. कपाशीवाला, शॅकल जुन्या मापाचे लावायला मिळत असतील तर तेही याच वेळी करून घ्यावे, बुश नवे टाकावेत आणि पाट्यांचे यू बोल्ट पुन्हा आवळावेत. मोठे टायर ठेवायचे असतील तर निदान त्यांचे बॅलन्सिंग करून घ्यावे आणि हवा मालवाहू गाडीसारखी ठासून भरू नये.

कपाशीवाला:
बेअरिंग, वाट्या आणि सील दोन्ही बाजूंना नवे टाकले. उजवीकडच्या खालच्या बेअरिंगचे रोलर गंजून वाटीत रुतलेले निघाले. मिस्त्रींनी कुरकुर केली, पण काट्याने ओढून शिम बसवल्या. जुन्या मापाचे शॅकल अजून मिळालेले नाहीत, तरी त्याच पुलावरून साठच्या वेगाने गेलो आणि चाके नाचली नाहीत. बॉक्स दुसऱ्या कोणीतरी नेला. आता एकच अडचण आहे. टो-इन नव्याने केल्यापासून गाडी सरळ चालते, पण स्टिअरिंगचे चाक डावीकडे तिरके राहते. मिस्त्री म्हणतात की नट काढून चाक उपटून सरळ बसवून देतो. तसे करू द्यावे का?

ग्रीसगन:
करू देऊ नये. बॉक्सचा नेमका मध्य आणि चाकांची सरळ दिशा एकाच वेळी जुळली पाहिजे, कारण प्ले सर्वांत कमी तिथेच असतो. आपले स्टिअरिंगचे चाक पूर्वी सरळ होते आणि आता तिरके झाले, म्हणजे बॉक्स मध्यावरून सरकलेल्या स्थितीत गाडी सरळ जाते आहे. चाक उपटून बसवले तर ते दिसायला सरळ दिसेल, बॉक्स मात्र तिरकाच राहील. ड्रॅग लिंकचे लॉक नट ढिले करून तिची लांबी थोडी थोडी बदलावी, प्रत्येक वेळी सपाट रस्त्यावर चालवून पाहावे आणि जमले की नट आवळावेत. टाय रॉडला हात लावू नये, नाहीतर टो-इन पुन्हा बिघडेल. ते आत्ता किती ठेवले आहे? दोन्ही टायरच्या मधोमध खडूने रेघ मारून एक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून अंतर मोजा, पुढचे अंतर मागच्यापेक्षा २ ते ६ मिलिमीटर कमी असायला हवे.

कपाशीवाला:
मोजले, पुढे ४ मिलिमीटर कमी आहे. ड्रॅग लिंकचे नट गंजलेले आहेत, रात्रभर डिझेल टाकून ठेवतो आणि सकाळी बाया शेतात सोडून आल्यावर करतो.