लाटांचा गोंगाट वेगळा काढता येतो

समुद्राच्या लाटांच्या कंपनात बारीक भूकंप बुडून जातात, म्हणून गोव्यात छोटं भूकंपमापक यंत्र ठेवणं व्यर्थ, असं एक मत वाचलं; ते पटलं नाही. लाटांमुळे जमीन हलते ती साधारण 5 ते 10 सेकंदांच्या संथ लयीत. जवळच्या सूक्ष्म भूकंपाची कंपनं सेकंदाला कित्येक वेळा होतात. फिल्टर लावला की दोन्ही वेगळी. 4.5 हर्ट्झच्या (सेकंदाला 4.5 कंपनं) साध्या जिओफोनला, म्हणजे जमिनीची कंपनं टिपणाऱ्या संवेदकाला, तर संथ लाटा मुळातच कमी जाणवतात.

खरा त्रास जमिनीवरचा. फोंड्याला घरामागे माडांजवळ यंत्र पुरलं होतं. वारा सुटला की झावळ्या हलायच्या, बुंध्यातून मुळांत, मुळांतून मातीत थरथर, सगळा आलेख काळा. मग ते उघड्या जांभ्याच्या कातळावर घट्ट बसवलं, वर बादली पालथी घातली. फरक लगेच दिसला, विशेषतः रात्री शेवटची बस गेल्यावर. भूकंपाच्या आधी पोहोचणाऱ्या पी आणि मागून येणाऱ्या एस लहरींमधल्या सेकंदांना 8 ने गुणलं की भूकंपापर्यंतचं अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळतं. कोयना इथून सुमारे 220 किलोमीटर, म्हणजे 27-28 सेकंद. नेमकं ठिकाण मात्र एका यंत्रावरून सांगू नका, त्याला किमान तीन लागतात. पेडण्यात आणि काणकोणात कोणी ठेवायला तयार असेल तर जरूर कळवा.