विषय: मंडळाच्या खात्यातले मेल गायब (थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम)

खजिनदार:
मंडळी, मोदकांचा आकडा शुक्रवारी रात्रीपर्यंत द्यायचाय. आज मंडळाचं खातं वेबवर उघडलं तर गेल्या दोन आठवड्यांतल्याच नोंदण्या दिसतायत. त्याआधीचं काहीच नाही, ट्रॅशही रिकामा. कुणी साफसफाई केली असेल तर लगेच सांगा. गेल्या वर्षी शेवटच्या पंगतीला काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.

माजी सेक्रेटरी:
साफसफाई कुणी केलेली नाही. सगळे मेल माझ्या लॅपटॉपवर थंडरबर्डमध्ये जसेच्या तसे आहेत, आत्ता बघूनच लिहितोय. लॅपटॉप नवा घेतला म्हणून खातं पुन्हा जोडलं, एवढंच. सहा वर्षं हे खातं मी सांभाळलंय. पासवर्ड पाच जणांकडे गेलाय, तो आधी बदला. यादी मी टाइप करून पाठवतो.

वेबसाइट बघणारा:
काका, टाइप करत बसू नका. खातं जोडताना थंडरबर्ड आयमॅप की पीओपी३ असं विचारतं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवरच राहतात आणि सगळ्यांना तेच दिसतात; पीओपी३ ते आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतं. तुमच्याकडून पीओपी३ निवडलं गेलंय. त्यात ‘सर्व्हरवर मेल ठेवा’च्या खाली १४ दिवसांची टिक आधीच असते, त्यानंतर सर्व्हरवरचे मेल पुसले जातात. म्हणून बरोब्बर पंधरवडाच उरलाय. सर्व्हर सेटिंग्जमध्ये जाऊन ती टिक आजच काढा.

पीओपीचं खातं नंतर आयमॅप करता येत नाही, तोच पत्ता नव्याने जोडावा लागतो. आपल्या होस्टसाठी (आपला मेल सांभाळणारी कंपनी) सेटिंग्ज: इनकमिंग पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस. आउटगोइंग पोर्ट ५८७, सुरक्षा स्टार्टटीएलएस. युजरनेम म्हणजे पूर्ण पत्ता. मग जुन्या इनबॉक्समधले सगळे मेल निवडा, राइट क्लिक, ‘कॉपी टू’, नव्या खात्याचा इनबॉक्स. मूव्ह नको. मध्येच वायफाय गेलं तर मूळ प्रत जागेवर राहायला हवी.

रविवारच्या शाळेच्या ताई:
पीओपीला इतकं वाईट म्हणू नका. आमचं इंटरनेट कनेक्शन बदललं तेव्हा त्याच्याबरोबरचं मेलखातंही बंद झालं. बाबांचे साताऱ्याहून आलेले मेल टिकले ते घरच्या कॉम्प्युटरवर पीओपीने उतरवलेले होते म्हणूनच. पारिजातकाचा सडा पडला की ते सकाळीच लिहायचे, ‘आज दोन ओंजळी’. बाबा गेले, तो मेल मी अजून उघडते.

आणि माझं जीमेल थंडरबर्डमध्ये पासवर्ड चुकीचा म्हणतंय, ते कसं करायचं?

वेबसाइट बघणारा:
ताई, जीमेलला तिथे नेहमीचा पासवर्ड चालत नाही. ऑथेंटिकेशन मेथड ओऑथ२ (गुगलच्या पानावरून साइन इन) करा, साइन इनची खिडकी उघडेल. आणि तुमचं म्हणणं पटलं. आयमॅपवर एकाने डिलीट केलं की सगळ्यांकडून जातं. महिन्यातून एकदा लोकल फोल्डर्समध्ये, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर, एक कॉपी काढून ठेवायला हवी. काका, ते तुम्हीच बघाल का?

माजी सेक्रेटरी:
बघीन. टिक काढली, आयमॅप जोडलं, कॉपी चालू आहे. खालची पट्टी हळूहळू सरकतेय. पासवर्डचं मात्र कुणीच बोललं नाही.

खजिनदार:
काका, मेल दिसायला लागले! जूनपासूनच्या नोंदण्या आल्या. पासवर्ड आज रात्री बदलते, तुमच्या-माझ्यासह तिघांकडेच राहील. आता एकच गुंता: काही घरांतून नवरा-बायको दोघांनीही ‘चार माणसं’ असं वेगवेगळं कळवलंय. चार धरायची की आठ? उद्या सकाळी एकेकाला फोन करते.