आईचा कमरेचा एमआरआय आहे, स्टेंट आणि जोडव्यांचं काय करायचं?

सायली_कराड
नमस्कार, आईला (वय 67) कमरेचा एमआरआय सांगितलाय, चालताना डावा पाय बधिर होतो म्हणून. तिला 2019 मधे हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (धातूच्या जाळीची नळी) टाकलाय आणि उजवा गुडघा बदललेला आहे, सेंटरला फोन केला तर म्हणाले या, आल्यावर बघू, आता मला टेन्शन आलंय की आत एवढं मोठं लोहचुंबक असतं तर शरीरातला धातू हलणार नाही ना? शिवाय जोडवी लग्नापासून काढलेली नाहीत, बोटात पार रुतलीत, आणि मंगळसूत्र काढायला ती तयारच नाही. उपाशी न्यायचं का? प्लीज कोणीतरी सांगा.

एमआरआयवाला
ताई, मी टेक्निशियन आहे. गुडघा हाडात पक्का बसवलेला असतो, तो हलत नाही. हृदयाच्या स्टेंटवाल्यांचे एमआरआय रोज होतात, फक्त डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचं कार्ड असेल तर ते घेऊन जा, त्यावर कंपनी आणि मॉडेल असतं. आम्हाला खरी धास्ती असते ती पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून बसवतात ते यंत्र) आणि वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्यांच्या डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण याची. यातलं काहीही असेल तर आधीच सांगायचं.
अजून एक, जे लोकांना पटतच नाही: स्कॅन चालू नसला तरी मॅग्नेट चालूच असतो, रात्रीपण. 1.5 टेस्ला (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) म्हणजे पृथ्वीच्या चुंबकापेक्षा साधारण 30 हजार पट. 2018 च्या जानेवारीत मुंबईत नायर हॉस्पिटलमधे पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजन सिलेंडर घेऊन आत गेला, मॅग्नेटने सिलेंडरसकट ओढला, जीव गेला त्याचा. म्हणून पेशंटइतकीच बरोबरच्या माणसाची तपासणी व्हायला पाहिजे. मोबाईल, किल्ल्या, एटीएम कार्ड, पदराची सेफ्टी पिन, केसातले आकडे, सगळं बाहेर. फॉर्म न भरून घेता कोणी आत सोडत असेल तर तुम्हीच थांबवा.

माई_सांगली
जोडव्यांचं, आदल्या रात्री पाय थोडा वेळ उंच ठेवायला सांग, मग साबणाचं पाणी नाहीतर खोबरेल लावून फिरवत फिरवत काढ, नाहीच निघाली तर सोनार दोन मिनिटात कापून देतो, नंतर जोडूनही मिळतात. चांदी ओढली जात नाही पण तापू शकते, आणि चांदी म्हणून घेतलेलं भलतंच निघालं तर अजून पंचाईत. मंगळसूत्राला आमच्याकडे सोपा उपाय, पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालायचं. माझ्या सासूबाई तेवढ्यावर लगेच तयार झाल्या. आईच्या मनाला लागेल असं काही बोलू नकोस, आधी घरी शांतपणे समजावून सांग.

डॉ_निवांत
साध्या कमरेच्या एमआरआयला उपाशी राहायची गरज नसते, नेहमीच्या गोळ्या घेऊ देत. भूल किंवा झोपेचं इंजेक्शन देणार असतील किंवा पित्तनलिकेचा असेल तर वेगळं, तेव्हा सेंटर सांगेल तसं. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देणार असतील तर किडनीचा त्रास आहे का ते सांगा आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बरोबर ठेवा. कवळी, कानाचं मशीन, दंडावरचा शुगरचा सेन्सर, औषधाचा पॅच (काहींत धातूचा पातळ थर असतो, कातडी भाजते) हे सगळं विचारून काढायचं. आवाज खूप होतो, कानात घालायला बोळे किंवा हेडफोन मागून घ्या. हात एकमेकात गुंफायचे नाहीत. हातात एक रबरी बल्ब देतात, घाबरायला झालं की तो दाबायचा, हे आधीच सांगून ठेवलंत तर निम्मी भीती जाते.

सायली_कराड
खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏 स्टेंटचं कार्ड फाइलमधे सापडलं. एकच विचारायचंय, बाबा तिचा हात धरायला आत बसतो म्हणतायत, आणि पेसमेकर बाबांना आहे.

एमआरआयवाला
बरं झालं विचारलंत. बाबांना अजिबात आत सोडू नका, वेटिंगलाच बसवा, दारावर लाल बोर्ड असतो त्याच्या अलीकडेच. तुम्ही बसा आईजवळ, पण फॉर्म तुमचाही भरून घ्यायला लावा, आणि दिवस गेलेले असतील तर आधी सांगा.