डेमो तास: मधल्या सुट्टीनंतरचा

एका ताईंनी विचारलंय की शाळेतल्या योगशिक्षक पदाच्या मुलाखतीसाठी योगसूत्रं पाठ करावीत का. 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः' (चित्ताच्या वृत्ती थांबवणं म्हणजे योग) आणि अष्टांगांची नावं क्रमाने यायलाच हवीत, २१ जूनच्या योगदिनाचा ४५ मिनिटांचा प्रोटोकॉलही (ठरवून दिलेला योगक्रम) एकदा करून बघा. पण तेवढ्यावर निभावत नाही हो. खरी परीक्षा डेमो तासाला, म्हणजे प्रत्यक्ष वर्गावर शिकवून दाखवायच्या तासाला असते.

माझा डेमो मधल्या सुट्टीनंतर होता. पाचवीची चाळीस पोरं, नुकताच डबा खाऊन आलेली, एकाच्या बोटांना अजून लोणच्याचं तेल. मी ठरवून गेल्याप्रमाणे पालथं झोपून करायचं भुजंगासन सांगितलं आणि मुख्याध्यापिकाबाईंनी तिथेच थांबवलं, "मॅडम, आत्ताच जेवलीत ना ती?" तोंडात मारल्यासारखं झालं. पालथं झोपवायचा प्रश्नच नव्हता. वज्रासन, मानेच्या हलक्या हालचाली, भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं), एवढ्यावर तास निघाला असता. (भ्रामरीत मागच्या बाकावरचे मुद्दाम मोठ्यांदा गुणगुणतात, त्याचीही तयारी ठेवा.)

त्यामुळे एकच पाठ नेऊ नका. एक उपाशीपोटीचा, एक जेवणानंतरचा, आणि एक पावसाळ्यातला, म्हणजे मैदान ओलं आणि बाकं हलवता येत नाहीत तेव्हाचा. ताडासन, वृक्षासन बाकाशेजारीही होतं. लहान मुलांना कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, का देत नाही, हे मला मी दिलेल्या दोन्ही मुलाखतींत विचारलं. दम्याचं मूल वर्गात असेल तर काय कराल, हेही.

आणि ओढणी घट्ट बांधून जा, करून दाखवायला सांगतातच.