स्क्रिप्ट एरर दाबणं पुरेसं नाही

विंडोज अ‍ॅपमध्ये वेबपान दाखवताना पानातल्या स्क्रिप्टचे एरर डायलॉग येत असतील, तर 'स्क्रिप्टएरर्ससप्रेस्ड ट्रू करा, प्रश्न मिटला' असा सल्ला दिला जातो, त्यात थोडी भर. डॉटनेटच्या जुन्या वेबब्राउझर कंट्रोलमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या खिडकीत वेबपान दाखवणाऱ्या भागात, ही प्रॉपर्टी फक्त स्क्रिप्टचे एरर दाबत नाही. साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटबद्दल सावध करणारे डायलॉगही गायब होतात. युजरला कोरं पान दिसतं आणि कारण शोधता शोधता आपण थकतो. स्क्रिप्टचेच एरर अडवायचे असतील तर डॉक्युमेंटकम्प्लीटेड या पान लोड झाल्यावरच्या इव्हेंटमध्ये विंडोच्या एरर इव्हेंटला हँडलर जोडा, मेसेज आणि ओळ क्रमांक लॉग करा, मगच इव्हेंटची हँडल्ड ही प्रॉपर्टी ट्रू करा, म्हणजे डायलॉग येत नाही.

शक्य असेल तर वेबव्ह्यू२ या मायक्रोसॉफ्टच्या नव्या, एजवर चालणाऱ्या कंट्रोलवर जाच. तिथे प्रोसेसफेल्ड हा प्रोसेस कोसळल्याचं कळवणारा इव्हेंट सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच बरेच जण सोडून देतात. रेंडरर प्रोसेस (पान रंगवणारी) कोसळली तर रीलोड करून भागतं. सगळं सांभाळणारी ब्राउझर प्रोसेसच गेली तर मात्र तो कंट्रोल कामातून गेला. डिस्पोज करून नवा तयार करावा लागतो. दोन्हींना एकच कोड लावू नका.

नॅव्हिगेशनकम्प्लीटेड या पानावर जाणं संपल्याच्या इव्हेंटमध्ये इझसक्सेस (यशस्वी झालं का) फॉल्स आलं की लगेच एररचं पान दाखवायची घाईही नको. युजरने मध्येच दुसरी लिंक दाबली तरी पहिलं नॅव्हिगेशन रद्द होऊन फॉल्सच येतं. कोणत्या नॅव्हिगेशनचा निकाल आहे ते नॅव्हिगेशनआयडी या क्रमांकावरून ताडून बघा.

आणि प्रोग्राम फाइल्समध्ये इन्स्टॉल केल्यावरच कंट्रोल सुरू होत नसेल, तर युजर डेटा फोल्डर (वेबव्ह्यू२ आपला कॅशे, कुकी वगैरे ठेवतो तो) तपासा. तो डीफॉल्टने अ‍ॅपच्या एक्झी फाइलच्या शेजारी बनतो आणि तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते. त्याऐवजी युजरच्या स्वतःच्या लोकलअ‍ॅपडेटा फोल्डरमधला पाथ द्या.